पाठ टेकायला शिकलो

मी मिलिंद. नाशिकमधल्या एका सरकारी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात नर्स आहे. पुरुष नर्सला आमच्याकडे सगळे 'ब्रदर' म्हणतात, त्यामुळे घराबाहेर माझं नाव फारसं कुणी घेत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या मणक्यातली गादी सरकली, डावं पाऊल उचलेनासं झालं आणि ज्या वॉर्डात मी इतकी वर्षं उभा राहिलो तिथेच आडवा झालो. आता बरा आहे. पुष्कळ बरा आहे.

हे लिहायला बसलो त्याचं कारण असं, की मला आमच्यातलेच लोक विचारत असतात. नर्स, वॉर्डातले मदतनीस, म्हणजे आमचे मामा-मावश्या, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बायका, अंगणवाडीताई. "ब्रदर, तुमची पाठ कशी बरी झाली?" उभ्या उभ्या काय सांगणार? म्हणून एकदा बसून सांगतो.

ते झालं तेव्हा

पाठ वर्षभर कुरकुरत होतीच. मी मलम चोळायचो, पट्टा बांधायचो, गोळी घ्यायचो आणि कामाला लागायचो. पेशंटनं असं केलं असतं तर मी त्याला रागावलो असतो.

त्या दिवशी सकाळी द्वारका चौकात एका मोटरसायकलला टेम्पोनं उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलेला एक धिप्पाड माणूस आला. त्याला ट्रॉलीवरून एक्स-रेच्या टेबलावर घ्यायचं होतं. या कामाला तीन माणसं लागतात. मामा दुसऱ्या पेशंटला घेऊन वर गेले होते. पेशंटचा भाऊ माझ्या मागे उभा राहून सारखं म्हणत होता, "घ्या ना लवकर, किती कळवळतोय तो."

मी त्याच्या कमरेखाली हात घातले आणि उचललं.

आवाज वगैरे काही झाला नाही. आत काहीतरी जागचं निसटल्यासारखं वाटलं आणि डाव्या पायातून पार टाचेपर्यंत एक कळ गेली. पेशंट नीट टेबलावर गेला. मी मात्र तसाच वाकलेला राहिलो. सरळ होता येईना आणि खाली बसताही येईना. तो मोडलेल्या पायाचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "ब्रदर, तुम्हाला काय झालं?"

अंगठा

आमचे हाडांचे सर मला बरीच वर्षं ओळखतात. त्यांच्या राउंडला मी किती पेशंटचे पाय धरून उभा राहिलोय. त्या दिवशी त्यांनी माझे पाय धरले आणि म्हणाले, "अंगठा वर कर. दोन्ही."

उजवा वर आला. डावा आला नाही.

मी पुन्हा जोर लावला. मानेच्या शिरा ताणल्या गेल्या, पण अंगठा तिथेच. ही तपासणी मी इतक्या वेळा पाहिली होती, की सरांनी काही बोलायच्या आधीच मला कळलं होतं. दुपारी एमआरआय झाला. त्या नळकांड्यात ठोकाठोकीच्या आवाजात मी डोळे मिटून पडलो होतो आणि मनात एकच चाललं होतं, पाऊल उचललं नाही तर ड्यूटी कशी करायची.

सर रिपोर्ट घेऊन आले. "मिलिंद, तुला मी वेगळं काय सांगू? तुला माहीतच आहे सगळं."

"नाही सर," मी म्हणालो. "पेशंटला सांगता तसं सांगा."

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसले. मग गादी कुठे सरकलीय, नस कशी दबलीय, आधी औषध, आराम आणि व्यायाम करून बघू, पाय आणखी ढिला पडला किंवा लघवी कळेनाशी झाली तर लगेच ऑपरेशन, हे सगळं त्यांनी सावकाश सांगितलं. मला हे सगळं खरंच माहीत होतं. तरी कुणीतरी समोर बसून सांगितल्यावर छातीवरचं ओझं थोडं उतरलं.

"सर, घाबरायचं का?"

"घाबर की. पण झोपून घाबर. उठून घाबरायचं नाही."

माझी बायको सुजाता निफाडजवळच्या एका शाळेत शिक्षिका आहे. निरोप मिळाल्यावर ती मिळेल त्या गाडीनं आली. पर्समध्ये डबा तसाच होता. मला कॉटवर बघून ती रडेल असं वाटलं होतं. तिनं फक्त माझे बूट काढून कॉटखाली नीट ठेवले आणि विचारलं, "किती दिवस झोपायचंय?"

"बघू म्हणाले."

"बरं," ती म्हणाली आणि शाळेत रजेसाठी फोन करायला बाहेर गेली.

लाज

पहिल्या दिवसांत मला उठायची परवानगी नव्हती. आता हे लिहायला संकोच वाटतो, पण लिहितो, कारण आमच्या धंद्यातल्या माणसाला खरा त्रास इथेच होतो.

बेडपॅन.

मी आजवर किती जणांना म्हटलं असेल, "काका, लाजू नका, आमचं रोजचंच आहे." माझ्यासाठी मामा बेडपॅन घेऊन आले तेव्हा मी म्हणालो, "नको, आत्ता लागलेली नाही." लागली होती. मामा परत गेले. मी संध्याकाळपर्यंत पाणी प्यायलो नाही.

आमच्या इन्चार्ज लता सिस्टर निवृत्तीला आलेल्या. त्यांनी माझं पाण्याचं भांडं भरलेलं बघितलं, पाणी-लघवीच्या नोंदीचा तक्ता बघितला आणि पडदा ओढला.

"ब्रदर, तुम्ही पाणी का पीत नाही?"

मी पांघरूण वर ओढलं.

"वॉर्डातले सगळे तुमचे आहेत म्हणून लाज वाटते, होय ना?"

"हो सिस्टर."

"मग असं करू. मी शेजारच्या वॉर्डातल्या मामांना पाठवते. त्यांना तुम्ही फारसं ओळखत नाही. पण पाणी प्यायचं. किडनीचा पेशंट म्हणून तुम्हाला बघायची माझी इच्छा नाही."

मला वाटलं होतं त्या रागावतील, समजावतील. त्यांनी माझ्या लाजेला नावं ठेवली नाहीत, तिच्यासाठी वाट काढून दिली. त्या दिवसानंतर मी कुठल्याच पेशंटला 'लाजू नका' असं म्हटलेलं नाही. 'कुणी आलेलं चालेल?' असं विचारतो.

दुपार

दुखण्यापेक्षा दुपारी जड जायच्या. भेटीची वेळ संपलेली, डॉक्टरांचा राउंड झालेला, पंखा फिरतोय आणि शेजारच्या कॉटवर वणीकडचे एक काका खुब्याचं ऑपरेशन होऊन घोरतायत. मी पांघरुणाखाली अंगठा हलवायचा प्रयत्न करायचो. हलायचा नाही. मग मनात हिशोब सुरू. पाऊल आलं नाही तर ऑफिसात बसवतील. नाहीतर रजा संपेल. मुलगी पुण्याला शिकतेय, तिचं काय. सुजातानं एकटीनं किती ओढायचं.

एका दुपारी काका जागे होते. माझा चेहरा बघून म्हणाले, "ब्रदर, तुम्ही सारखं पांघरुणात काय करता?"

मी सांगितलं.

"मंग मला बी दिसू द्या. मी बघत जातो. तुम्ही वरती बघून हलवा, मी खाली बघतो. हालला की सांगतो."

तेव्हापासून रोज दुपारी आमचा हा कार्यक्रम. मी छताकडे बघून जोर लावायचो आणि काका मान वळवून पाहणी करायचे. "नाय हालला आज. उद्या बघू." त्यांच्या तोंडून ते ऐकताना त्यातलं भय निघून जायचं. ते घरी गेले तेव्हाही अंगठा हलला नव्हता. जाताना वॉकर टेकत माझ्या कॉटशी थांबले आणि म्हणाले, "हालला की फोन करा बरं."

फिजिओथेरपीच्या मॅडम यायच्या त्या माझ्यापेक्षा वयानं बऱ्याच लहान. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "ब्रदर, पेशंट उचलताना तुम्ही श्वास रोखता का?"

मला आठवेना. मग लक्षात आलं, मी सगळंच श्वास रोखून करत आलोय. इंजेक्शन, ड्रेसिंग, नातेवाइकांशी बोलणं. त्यांनी मला पोटानं श्वास घ्यायला शिकवलं. गुडघे वाकवून झोपायला, कुशीवर वळून उठायला, पाय न हलवता नुसता पार्श्वभाग आवळायला. साधन काय, तर एक उशी आणि गुंडाळलेला टॉवेल. मी विचारलं, "मशीन नाही लावणार?" त्या म्हणाल्या, "लावू. पण मशीन इथेच राहील. टॉवेल तुमच्या घरी आहे."

घरी

घरी आल्यावर सोपं जाईल असं वाटलं होतं. हॉस्पिटलात निदान तीन पाळ्यांत माणसं बदलतात. घरी सुजाता एकटी. पहाटे उठून माझं अंग पुसणं, मोजे चढवणं, डबे, मग शिक्षकांच्या गाडीनं निफाड, दिवसभर वर्ग, संध्याकाळी परत, पुन्हा स्वयंपाक. माझ्या आईला बोलवावं असं ती एकदा म्हणाली. आई माझ्या भावाकडे निफाड तालुक्यातल्या गावी असते, त्यांच्याकडे द्राक्षाची तोडणी चालू होती. मी म्हणालो, "आईला कशाला त्रास? आपण करू की." हे 'आपण' म्हणजे कोण, हे मला तेव्हा सुचलं नाही.

एके संध्याकाळी ती आल्याचं कळलं, दार वाजलं, पण पुढे काही आवाज नाही. भांडं नाही, नळ नाही. मी हाक मारली, उत्तर नाही. भिंतीला धरून, पाय ओढत स्वयंपाकघरापर्यंत गेलो. ती फरशीवर भिंतीला टेकून बसली होती. दिवा लावलेला नव्हता. पर्स अजून खांद्यालाच.

"काय झालं?"

"काही नाही. बसलेय."

"सुजाता, तुला काही होतंय का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. "इतके दिवस झाले, आज विचारलंत."

मी दारात तसाच उभा. पेशंटच्या कपाळावरून त्याचा ताप ओळखणारा मी.

"मला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "फक्त थोडा वेळ कुणी माझ्याकडे काही मागू नये असं वाटतंय. दिवसभर मुलं मागतात. घरी आले की तुम्ही. मुलांचा राग नाही येत मला. तुमचा यायला लागलाय. आणि तो आला की मला माझीच भीती वाटते."

मला खाली बसून तिचा हात धरता येत नव्हता आणि चहा करून देता येत नव्हता. मी म्हणालो, "अर्धा तास मी काही मागत नाही. तू गच्चीवर जा."

"आणि तुम्हाला लागलं काही तर?"

"तर लागेल. अर्ध्या तासानं सांगतो."

ती गेली. मी खुर्चीत बसून राहिलो. मला पाणी हवं होतं, तरी मी हाक मारली नाही. ती खाली आली तेव्हा केस मोकळे सोडलेले होते आणि पायात चप्पल नव्हती. "वर गार वारा आहे," एवढंच म्हणाली. मग दिवा लावला.

तेव्हापासून आमच्या घरात हा नियम आहे. शाळेतून आल्यावर सुजाताचा अर्धा तास गच्चीचा. फोन खाली. पाहुणे आले तरी वर कुणी जायचं नाही. आता मी बरा झालो तरी तो मोडलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईला फोन केला. ती भावाच्या मागे मोटरसायकलवर बसून आली, मांडीवर बाजरीच्या पिठाची पिशवी आणि द्राक्षांची पेटी. आत आल्या आल्या म्हणाली, "फोन कराया एवढा येळ लागला?"

"तुला कामाचे दिवस होते आई."

"मला कामाचे दिवस कधी नसत्यात? तू दवाखान्यात लोकांचं हगणं-मुतणं काढतो तव्हा लाजत नाय. मंग आईला बोलवाया कसली लाज?"

सुजाता स्वयंपाकघरात हसली. बऱ्याच दिवसांनी ऐकलं ते हसू.

हालला

एका सकाळी मी सतरंजीवर उताणा पडून व्यायाम करत होतो आणि आई शेजारी बसून वाटाणे सोलत होती. वणीच्या काकांचा कित्ता मी घरीही गिरवत होतो, नजर वर, जोर खाली. आई भावाच्या बागेतल्या मजुरांबद्दल काहीतरी सांगत होती. मध्येच थांबली.

"हालला रे."

"काय?"

"अंगठा हालला तुझा."

मला वाटलं, आईचं मन. मी म्हणालो, "असू दे आई."

"मी काय खोटं बोलती? परत कर."

मी कोपरांवर थोडा उठून बघितलं आणि जोर लावला. अंगठा वर आला असं म्हणता येणार नाही. झोपेतून कुणी कूस बदलावी तसा किंचित सरकला आणि परत पडला. मी पुन्हा केलं. पुन्हा सरकला.

सुजाताला फोन लावला, तिनं उचलला नाही. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, "वर्गात आहे. काय झालं?"

मी लिहिलं, "अंगठा हलला."

बराच वेळ काही नाही. मग आलं, "मुलांना सांगितलं. टाळ्या वाजवल्या त्यांनी."

मग वणीला काकांना फोन केला. त्यांना आधी मी कोण तेच कळेना. कळल्यावर म्हणाले, "कोणच्या बाजूचा? डावा? मंग झालं. आता पाऊल येतंय त्याच्या मागं."

पाऊल आलं. एका दिवसात नाही. आधी अंगठा, मग घोटा, मग चप्पल पायातून न निसटता अंगणातून दारापर्यंत चालणं. ऑपरेशन लागलं नाही. याला मी नशीबही म्हणतो, कारण तेवढाच व्यायाम करूनही ज्यांना लागतं असे पेशंट मी पाहिले आहेत आणि ऑपरेशन होऊन ते छान चालतात.

परत वॉर्डात

सुरुवातीला मला बसून करायचं काम दिलं. मग हळूहळू वॉर्ड. माणसं तेवढीच कमी होती, पेशंट तेवढेच जास्त. बदल करायचा तर तो माझ्याकडूनच होणार होता.

पहिली परीक्षा लवकरच आली. एका आजोबांना कॉटवरून ट्रॉलीवर घ्यायचं होतं. मी आणि एक सिस्टर, दोघंच. आजोबांचा मुलगा घाई करत होता. माझे हात सवयीनं पुढे गेले. मग मी ते मागे घेतले.

"थांबा. मामांना येऊ द्या."

"अहो, एवढ्याशा माणसाला किती जण लागतात?"

"तिघं. तुम्ही धरलंत तर आणखी सोपं." मी त्याला चादरीचं टोक दिलं. पेशंटच्या खाली आडवी घातलेली चादर दोन्हीकडून धरून सरकवली, की उचलावं लागत नाही. आम्हाला हे नर्सिंगला शिकवलेलं असतं. घाईत विसरतो. मामा आले, आजोबा अलगद सरकले. पुढच्या वेळी मुलगा चादर धरायला स्वतःहून आला.

आता मी काय काय करतो ते सांगतो. त्यात पैसे लागतील असं काही नाही. सकाळी अंथरुणातच टॉवेलचे व्यायाम. ड्यूटीवर पाणी, तहान लागायची वाट न बघता. पाळी बदलताना, एकमेकांना पेशंट समजावून देऊन झाले की आम्ही असू ते सगळे भिंतीला पाठ लावून जरा वेळ उभे राहतो आणि लांब श्वास घेतो. आधी हसायचे, आता एक मावशीच हाक देतात, "चला, भिंतीला." घरी जाताना मी एक थांबा आधी उतरतो आणि चालत जातो. वॉर्ड तेवढ्या वाटेत डोक्यातून उतरतो, सगळा नाही, पण घरात शिरण्यापुरता. आणि फार कठीण दिवस असला, एखादा पेशंट गेला, तर त्याबद्दल सुजाताशी बोलतो. आधी तिला विचारून, "आज ऐकायला जमेल का?" कधी ती म्हणते, "आज नको, उद्या." मग उद्या.

थंडीत डावी पोटरी दुखते. मांडी घालून बसता येत नाही, लग्नाच्या पंगतीत मला खुर्ची लागते. चालतं. आणि माझ्यासारखं दुखणं असलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवा, की पाय बधिर पडला, पाऊल लटकं पडलं किंवा लघवी-संडासवरचा ताबा जायला लागला, तर माझा टॉवेल बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

एक गोष्ट मात्र राहून जात होती. आम्ही सगळे उभ्यानं जेवायचो. औषधांच्या कपाटावर डबा उघडा ठेवायचा, येता-जाता एक घास. बसून जेवायला जागा होती, साठ्याच्या खोलीतलं एक बाकडं, पण तिथे बसलेलं दिसणं म्हणजे कामचुकारपणा असं सगळ्यांच्या मनात. मी तिथे बसायला लागलो. मग दोन सिस्टर आल्या. लता सिस्टर मात्र येईनात. "तुम्ही बसा, मी बघते बाहेर," असं म्हणायच्या.

गेल्या आठवड्यात त्यांना चक्कर आली. साखर कमी झाली होती. बिस्किट दिल्यावर सावरल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांचा डबा उचलला, बाकड्यावर ठेवला आणि म्हणालो, "सिस्टर, आज बाहेर मी बघतो."

त्या उंबऱ्यात घुटमळल्या. मग बसल्या. डबा उघडला. मेथीची भाजी आणि भाकरी होती. त्यांनी पहिला घास घेतला आणि बाहेर टेबलावरचा फोन वाजला.

त्या उठायला लागल्या. मी हातानं खूण केली आणि फोन घेतला. ऑफिसातून होता, चादरींच्या हिशोबाबद्दल इन्चार्जशी बोलायचं होतं.

"सिस्टर जेवतायत," मी म्हणालो. "थोड्या वेळानं करा."

तिकडच्या बाई म्हणाल्या, "बरं. जेवू द्या त्यांना."